बुलढाणा जिल्ह्यातील आपत्ती व्यवस्थापन आणि उपग्रह दळणवळण

उपग्रह दळणवळण म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहाच्या मध्यस्थीने दोन ठिकाणांमध्ये ध्वनी, मजकूर, चित्र किंवा मोजमापांची माहिती पाठवणे. पूर, भूकंप, दरड कोसळणे, चक्रीवादळ अशा आपत्तींमध्ये वीजपुरवठा, मोबाइल मनोरे आणि तारायंत्रणा एकाच वेळी बंद पडू शकतात. उपग्रहावर आधारलेली यंत्रणा अशा वेळीही चालू राहू शकत असल्याने आपत्तीची पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष बचावकार्य या दोन्ही टप्प्यांत तिला महत्त्व आहे. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील बुलढाणा हा समुद्रापासून दूर असलेला जिल्हा आहे. तेथे चक्रीवादळाचा थेट तडाखा बसत नसला तरी सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांचे अचानक येणारे पूर, अतिवृष्टी, वीज पडणे, गारपीट आणि मोठे रस्ते अपघात यांमुळे खात्रीच्या संपर्कव्यवस्थेची गरज भासते.

भौगोलिक पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्हा अमरावती महसूल विभागात असून त्यात १३ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. जिल्ह्याचे भूरूपानुसार ढोबळमानाने तीन भाग पडतात. उत्तरेस सातपुड्याची रांग व तिच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके आहेत. मध्यभागी पूर्णा नदीचे सपाट खोरे असून त्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव हे तालुके येतात. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पठारी प्रदेश असून बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके त्यात मोडतात.

पूर्णा ही तापीची उपनदी आहे. सातपुड्याकडून तिला वान व इतर लहान नद्या येऊन मिळतात, तर दक्षिणेकडून नळगंगा, ज्ञानगंगा, विश्वगंगा, मन इत्यादी नद्या मिळतात. पैनगंगा नदीचा उगम याच जिल्ह्यातील अजिंठा रांगेत होतो. डोंगरउतारावरून येणाऱ्या लहान नद्यांना पाऊस पडल्यानंतर थोड्याच वेळात पूर येतो. त्यामुळे मोठ्या नदीच्या पुराप्रमाणे एक-दोन दिवस आधी इशारा मिळण्याची संधी येथे क्वचितच असते.

२२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली. नदीनाल्यांना पूर येऊन अनेक गावांचा संपर्क तुटला आणि मोठ्या क्षेत्रावरील शेतजमीन खरडून गेली. त्याच महिन्याच्या १ तारखेला सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. या दोन घटनांचे स्वरूप वेगळे होते. मात्र घटनेचे ठिकाण व तीव्रता नियंत्रण कक्षाला किती लवकर आणि किती अचूक कळते, हा प्रश्न दोन्ही प्रकारच्या आपत्तींत निर्णायक ठरतो.

जमिनीवरील संपर्कयंत्रणेच्या मर्यादा

मोबाइल फोनचा संदेश हवेतून जात असला तरी तो जवळच्या मनोऱ्यापर्यंतच तसा जातो. तेथून पुढे तो बहुधा जमिनीखालील प्रकाशतंतू केबलमधून किंवा सूक्ष्मलहरींच्या दुव्याने मुख्य केंद्राकडे पोचतो. या केबल बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या कडेने आणि पुलांवरून नेलेल्या असतात. पुरात पूल किंवा मोरी वाहून गेली तर रस्ता व केबल ही दोन्ही एकाच वेळी तुटतात. मनोऱ्याला बॅटरी व जनित्राचा आधार असला तरी वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित राहिल्यास तो पुरत नाही.

दुसरी अडचण गर्दीची असते. आपत्तीनंतर एकाच परिसरातील असंख्य लोक एकाच वेळी फोन करू लागतात आणि चालू असलेली यंत्रणाही कोलमडते. शेगाव येथील उत्सव किंवा सैलानी यात्रा यांसारख्या मोठ्या गर्दीच्या प्रसंगीही असा ताण येऊ शकतो.

संपर्क नसल्याचे परिणाम महाराष्ट्राने अनेकदा अनुभवले आहेत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळून १५१ जण मृत्युमुखी पडले. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. बसच्या चालकाला गाव दिसेनासे झाल्याचे लक्षात आले आणि त्याच्यामार्फत ही वार्ता बाहेर पोचली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुराखाली गेले, तेव्हा वीज व मोबाइल सेवा बंद पडल्याने अडकलेल्या लोकांशी संपर्क साधणे कठीण झाले होते.

कार्यपद्धती

दळणवळणासाठी वापरले जाणारे बहुतेक भारतीय उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेत असतात. तेथे उपग्रहाचा परिभ्रमणकाळ पृथ्वीच्या परिवलनकाळाइतका असल्याने तो आकाशात एकाच जागी स्थिर भासतो. जमिनीवरील केंद्राने पाठवलेला संकेत उपग्रहावरील प्रेषानुवर्तक ग्रहण करतो, त्याची वारंवारता बदलतो व शक्ती वाढवतो आणि तो पुन्हा पृथ्वीकडे पाठवतो. या प्रवासाला सुमारे पाव सेकंद लागतो. त्यामुळे बोलणे आणि उत्तर ऐकू येणे यांत सुमारे अर्ध्या सेकंदाचे अंतर जाणवते.

बुलढाणा शहर सुमारे २०.५° उत्तर अक्षांश व ७६.२° पूर्व रेखांशावर आहे. ७४° ते ८३° पूर्व रेखांशांदरम्यानच्या भारतीय भूस्थिर उपग्रहांकडे येथून पाहिल्यास ते दक्षिण दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंचीवर येतात. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याच्या गावांना डोंगर उत्तरेस आणि पूर्णेचे मोकळे खोरे दक्षिणेस असते. परिणामी, डोंगरामुळे मोबाइल मनोऱ्याचा संकेत अडणाऱ्या ठिकाणीही उपग्रहाकडे सरळ दृष्टिरेषा मिळू शकते.

वापरल्या जाणाऱ्या वारंवारतेनुसार यंत्रणेचे गुणधर्म बदलतात. सॅटेलाइट फोनसाठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या एल पट्ट्यावर (सुमारे १.५ ते १.६ गिगाहर्ट्‌झ) पावसाचा परिणाम नगण्य असतो, परंतु त्यातून वाहणाऱ्या माहितीचा वेग मर्यादित असतो. सी पट्टा (४ ते ६ गिगाहर्ट्‌झ) पावसात बऱ्यापैकी विश्वासार्ह असला तरी त्यासाठी मोठी तबकडी लागते. केयू पट्ट्यासाठी (सुमारे ११ ते १४ गिगाहर्ट्‌झ) लहान तबकडी पुरते, मात्र मुसळधार पावसात त्याचा संकेत क्षीण होतो. अतिवृष्टीच्या प्रदेशासाठी साधने निवडताना हा फरक महत्त्वाचा असतो.

साधने

सॅटेलाइट फोन: हा हातात मावणारा संच थेट उपग्रहाशी जोडला जातो. बोलणे, लघुसंदेश आणि स्वतःचे स्थान कळवणे ही त्याची मुख्य कामे आहेत. त्यासाठी मोकळे आकाश आवश्यक असते. घरात, दाट झाडीखाली किंवा वाहनाच्या छताखाली तो सहसा चालत नाही.

व्हीसॅट: सुमारे एक ते अडीच मीटर व्यासाची तबकडी व तिला जोडलेली उपकरणे मिळून हे लहान भूकेंद्र बनते. त्यातून दूरध्वनी, इंटरनेट आणि दृक्‌श्राव्य बैठक शक्य होते. नियंत्रण कक्षासारख्या कायम ठिकाणासाठी ते उपयुक्त आहे.

सुवाह्य व वाहनावरील केंद्रे: पेटीत घालून नेता येणारी किंवा वाहनाच्या टपावर बसवलेली तबकडी घटनास्थळी थोड्या वेळात उभारता येते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके अशी साधने वापरतात. अशा केंद्राला स्थानिक वाय-फाय किंवा बिनतारी संच जोडल्यास एकाच उपग्रह दुव्याचा उपयोग संपूर्ण पथकाला होतो.

संकटसंदेश प्रक्षेपक: कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध व बचाव प्रणालीत विमाने, जहाजे किंवा व्यक्तींजवळील प्रक्षेपक ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकटाचा संकेत पाठवतात. भारतासाठीचे नियंत्रण केंद्र भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या (इस्रो) बंगळूरु येथील केंद्रात आहे. मच्छीमार नौकांसाठी इस्रोने वेगळा संकटसंदेश प्रक्षेपक विकसित केला असून तो २०१० पासून वापरात आहे.

माहिती संकलन केंद्रे: पर्जन्यमापक, हवामान केंद्र किंवा नदीपातळी मोजणारे यंत्र ठरावीक वेळाने आपली नोंद उपग्रहाकडे पाठवते. यासाठी तेथे माणसाची उपस्थिती लागत नाही; सौर पट्टी व बॅटरी यांवर यंत्र चालते.

इतिहास

भारताचा उपग्रह दळणवळणाशी प्रारंभीचा संबंध महाराष्ट्रातूनही जोडला गेला. पुणे जिल्ह्यात जुन्नर परिसरातील आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी उभारलेल्या विक्रम भूकेंद्रामुळे परदेशांशी उपग्रहाद्वारे दूरध्वनी संपर्क सुरू झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी प्रक्षेपित झालेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहापासून दूरसंचार, दूरचित्रवाणी प्रक्षेपण आणि हवामान निरीक्षण या सेवा एकाच प्रणालीतून नियमितपणे मिळू लागल्या. त्याच दशकात किनारपट्टीच्या जिल्ह्यांसाठी इन्सॅटवर आधारित चक्रीवादळ इशारा प्रणाली उभी राहिली. दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या निकनेट या व्हीसॅट जाळ्याने देशभरातील जिल्हा मुख्यालये जोडली जाऊ लागली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप महाराष्ट्राच्या आपत्ती व्यवस्थापनातील वळणबिंदू ठरला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात घरबांधणीबरोबरच आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार करणे आणि मंत्रालय, विभागीय आयुक्तालये व जिल्हाधिकारी कार्यालये येथील नियंत्रण कक्ष व्हीसॅट आणि बिनतारी यंत्रणेने जोडणे या कामांचाही समावेश होता. पोलीस दलासाठी पोलनेट हे स्वतंत्र उपग्रह जाळे २००० च्या दशकात उभारले गेले.

२६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात स्थानिक दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा सॅटेलाइट फोन, तात्पुरती उपग्रह केंद्रे आणि हौशी रेडिओचालक यांनी बाहेरील जगाशी संपर्क ठेवला. या अनुभवांनंतर देशपातळीवर आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत झाला.

पूर्वतयारीतील उपयोग

उपग्रहाचा सर्वाधिक नियमित उपयोग आपत्ती येण्यापूर्वी होतो. इन्सॅट-३डी (२०१३), इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) या हवामान उपग्रहांवर ढगांची छायाचित्रे घेणाऱ्या उपकरणांबरोबरच माहिती पुढे पाठवणारा प्रेषानुवर्तक आणि शोध-बचाव संकेत टिपणारा प्रेषानुवर्तकही आहे. उपग्रहाशी जोडलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदी भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील भूकेंद्रात उतरवल्या जातात. विदर्भासाठीचे अंदाज व रंगसंकेतानुसारचे इशारे नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्र प्रसृत करते.

केंद्रीय जल आयोगाच्या स्वयंचलित नदीपातळी केंद्रांमध्येही उपग्रहाचा वापर होतो. पूर्णा नदीवर नांदुरा तालुक्यातील येर्ली येथे आयोगाचे निरीक्षण केंद्र आहे. पूर्णेचे पाणी पुढे तापीला मिळून हतनूर व उकाई धरणांकडे जाते. त्यामुळे येथील नदीपातळीची नोंद बुलढाण्यापुरती मर्यादित राहत नाही. खानदेश आणि दक्षिण गुजरातमधील पूरनियोजनाशीही तिचा संबंध येतो. याउलट, अकोला जिल्ह्यातील वारी भैरवगड येथील वान प्रकल्पातून सोडलेल्या विसर्गाची माहिती संग्रामपूर तालुक्यातील नदीकाठच्या गावांना वेळेवर मिळणे आवश्यक असते.

इशारा सामान्य नागरिकापर्यंत पोचवण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही प्रणाली वापरली जाते. ती सी-डॉट या संस्थेने विकसित केली आहे. हवामानशास्त्र विभाग, जल आयोग इत्यादी संस्थांचे इशारे तीद्वारे बाधित क्षेत्रातील मोबाइलधारकांना स्थानिक भाषेत पाठवता येतात. मोबाइल जाळे नसलेल्या ठिकाणी, विशेषतः समुद्रात, हेच इशारे गगन व नाविक या उपग्रह प्रणालींमार्फत पाठवण्याची सोय आहे.

आपत्तीकाळातील उपयोग

आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. आपत्तीच्या प्रसंगी बाधित क्षेत्रात तातडीची संपर्कयंत्रणा उभारण्याचा अधिकार कलम ३४ ने जिल्हा प्राधिकरणाला दिला आहे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा मदत क्रमांक १०७७, राज्याचा १०७०, तर पोलीस, अग्निशमन इत्यादी तातडीच्या सेवांचा एकत्रित क्रमांक ११२ आहे.

बचावासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर व धुळे येथे आहेत, तर राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे आहे. ही सर्व ठिकाणे बुलढाण्यापासून दूर असल्याने बाहेरचे पथक पोचेपर्यंतचे पहिले काही तास स्थानिक यंत्रणेवर व ग्रामस्थांवर अवलंबून असतात. या काळात तालुक्याहून निघालेला पहिला संदेश पथकांची संख्या, बोटी, वैद्यकीय मदत आणि प्रवासाचा मार्ग ठरवतो. म्हणून अशा संदेशात गावाचे नाव व अक्षांश-रेखांश, अडकलेल्या व्यक्तींची अंदाजे संख्या, जखमींची स्थिती, रस्ते व पुलांची अवस्था, तातडीची गरज आणि पुढील संपर्काची वेळ या बाबी थोडक्यात देण्याची पद्धत आहे. सॅटेलाइट फोनची बॅटरी व संभाषणाचा वेळ मर्यादित असल्याने ठरलेल्या वेळीच संच चालू करणे सोयीचे ठरते.

स्थाननिश्चिती आणि संपर्क यांतील फरक

उपग्रहाद्वारे स्थान कळणे आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. जीपीएस किंवा नाविक प्रणालीचे उपग्रह संकेत पाठवतात व मोबाइल फोन किंवा वाहनातील यंत्र त्यांवरून स्वतःचे स्थान काढते. मात्र ते स्थान इतरांना कळवण्यासाठी त्याला सहसा मोबाइल जाळेच लागते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थानदर्शक यंत्र व आपत्कालीन बटण बंधनकारक करण्यात आले. असे यंत्र स्थान उपग्रहावरून मिळवत असले तरी त्याचा संदेश मोबाइल जाळ्यातून जातो. त्यामुळे मोबाइल संकेत नसलेल्या घाटात किंवा खोऱ्यात फोनवर स्वतःचे स्थान दिसत असूनही मदत मागता येत नाही, अशी परिस्थिती उद्‌भवू शकते.

त्याचप्रमाणे दूरसंवेदन उपग्रहांकडून मिळणारी पूरक्षेत्राची चित्रे हे दळणवळण नव्हे. हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र अशा चित्रांवरून पूरनकाशे तयार करते. रडार उपग्रहांची चित्रे ढगाळ हवामानात व रात्रीही मिळत असल्याने पावसाळ्यात ती विशेष उपयोगी पडतात.

कायदेशीर तरतुदी

भारतात सॅटेलाइट फोन बाळगण्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी आवश्यक आहे. थुराया व इरिडियम या सेवांच्या संचांना देशात मनाई असून विनापरवाना संच बाळगल्यास तो जप्त होऊन कारवाई होऊ शकते. परवानगी असलेली सेवा इन्मारसॅट उपग्रहांवर आधारित असून ती भारत संचार निगममार्फत दिली जाते. तिचे प्रवेशद्वार केंद्र गाझियाबाद येथे २०१७ मध्ये सुरू झाले. प्रारंभी शासकीय यंत्रणा, पोलीस व आपत्ती प्रतिसाद दले यांना या सेवेत प्राधान्य देण्यात आले. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार आपत्ती व्यवस्थापनासह सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी दूरसंचार जाळे तात्पुरते ताब्यात घेण्याचे व अधिकृत संदेशांना प्राधान्य देण्याचे अधिकार शासनाला आहेत.

मर्यादा

उपग्रह यंत्रणेचा खर्च साध्या मोबाइल सेवेपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे ती प्रत्येक गावात किंवा प्रत्येक कर्मचाऱ्याजवळ असणे व्यवहार्य ठरत नाही. संच उपलब्ध असूनही त्याची बॅटरी भारित नसणे, सेवेची मुदत संपलेली असणे, तबकडीची दिशा साधता न येणे किंवा प्रशिक्षित व्यक्तीची बदली झालेली असणे अशा साध्या कारणांनी ऐनवेळी तो निरुपयोगी ठरू शकतो. पावसाळ्यापूर्वीच्या रंगीत तालमींमध्ये प्रत्यक्ष संपर्क साधून पाहणे हा त्यावरील प्रमुख उपाय मानला जातो.

उपग्रहाचा दुवा सामान्यतः जिल्हा किंवा तालुका पातळीपर्यंत संदेश आणतो. तेथून वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा तलाठी, पोलीस पाटील, सरपंच, कोतवाल आणि स्थानिक स्वयंसेवक यांच्यावर अवलंबून असतो. मोबाइल बंद असताना मंदिर-मशिदीवरील ध्वनिक्षेपक, दवंडी किंवा प्रत्यक्ष निरोप हीच साधने उरतात. शेतात मुक्कामी असलेली कुटुंबे, आदिवासी पाडे आणि मोबाइल नसलेले वृद्ध यांच्यापर्यंत इशारा पोचवण्याची जबाबदारी आधीच ठरवून दिलेली नसल्यास वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याचाही उपयोग होत नाही. पोलिसांची बिनतारी यंत्रणा आणि हौशी रेडिओ ही उपग्रहाला पूरक साधने आहेत.

अलीकडील घडामोडी

भूस्थिर उपग्रहांपेक्षा बऱ्याच कमी उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांच्या समूहांमुळे अधिक वेगवान व कमी विलंबाची इंटरनेट सेवा शक्य झाली आहे. वनवेब, जिओ आणि स्टारलिंक यांच्या उपग्रह सेवांसाठी भारतात परवाने देण्यात आले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर स्वाक्षरी केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि बुलढाण्याला लागून असलेला वाशीम या जिल्ह्यांचा उल्लेख आहे. भारतनेट प्रकल्पातही प्रकाशतंतू केबल नेणे अवघड असलेल्या ग्रामपंचायतींसाठी उपग्रह जोडणीचा पर्याय ठेवण्यात आला आहे. अशा जोडण्या दैनंदिन शासकीय कामात वापरात राहिल्यास आपत्तीच्या वेळी त्या चालू स्थितीत व हाताळण्याच्या सवयीच्या असण्याची शक्यता अधिक असते.

हेही पाहा

बुलढाणा जिल्हा
पूर्णा नदी (तापीची उपनदी)
भारतीय राष्ट्रीय उपग्रह प्रणाली
नाविक
आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५
१९९३ चा लातूर भूकंप